वस्त्राचा मान, माणसाचा मान

इटलीतील मिलान शहरी जून २०२५ मध्ये प्रादा या जगद्विख्यात पेढीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्या प्रदर्शनात मिरविणाऱ्या तरुणांच्या पायांतील चपला कोल्हापूरपासून पणजीपर्यंतच्या कोणाही माणसाने पहिल्याच दृष्टिक्षेपात ओळखल्या असत्या. पेढीने मात्र त्यांची ओळख केवळ चामड्याची सँडल एवढीच करून दिली. कोल्हापूरचा नामोल्लेखही केला नाही. ज्या पादत्राणास २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जे महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावे रीतसर नोंदले गेले आहे, त्याचा जन्मदाखलाच जणू पुसून टाकण्यात आला. साहजिकच मोठा गदारोळ उठला. आपली प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांतून आली, हे त्या पेढीस मान्य करावे लागले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून ही पादत्राणे येथल्याच कारागिरांकडून घडवून घेण्याचे तिने ठरविले.

झाले ते चांगलेच झाले. आमच्या सीमेवरच्या चर्मकार बांधवांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबास नाव मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या दिवसांत उसळलेला संताप पाहताना आमच्या मनात एक प्रश्न सारखा डोकावत होता. ज्या न्यायाने आपण परक्या पेढीस जाब विचारला, तोच न्याय आपण आपल्या अंगणात लावतो काय? दुसऱ्याचे वस्त्र अंगावर घेताना, दुसऱ्याच्या उंबरठ्याशी जाताना, दुसऱ्याच्या वेषाचे सोंग रंगमंचावर आणताना आपण त्या माणसाची आठवण ठेवतो काय? आजचा हा लेखनप्रपंच त्या प्रश्नासाठी आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. कोणी कोणाचे वस्त्र वापरूच नये, असे म्हणणे निव्वळ वेडेपणाचे ठरेल. वस्त्राइतकी प्रवासी वस्तू जगात दुसरी नसेल. कालिकतच्या सुती कापडाने इंग्रजीस कॅलिको हा शब्द दिला. मुंबईच्या डोंगरीवरील जाड्याभरड्या कापडावरून डंगरी आली. आमच्या बांधणीचा बंडाना होऊन तो अमेरिकेतील गुराख्याच्या गळ्यात जाऊन बसला. आज बंगाली स्त्री ज्या पद्धतीने साडी नेसते, तिचे मूळ मुंबईत आहे. ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी स्त्रियांची नेसण्याची ढब पाहिली आणि ती आपल्या प्रांती नेली. त्या पारशी स्त्रियांच्या गारा साडीवरील भरतकाम तर थेट चीनमधून आलेले. आणि कोल्हापुरी चपलेचेच म्हणावे तर सत्तरच्या दशकात हिप्पी तरुण-तरुणींनी ती मोठ्या आवडीने पायात घातली. त्याबद्दल कोणी त्यांना बोल लावला नाही. कारण त्यांनी ती बाजारात पैसे मोजून घेतली आणि तिला कोल्हापुरी म्हणूनच ओळखले. तेव्हा देवाणघेवाणीस आमचा विरोध नाही. किंबहुना तीवाचून संस्कृती कोमेजतात, असेच आम्ही मानतो.

मग आक्षेप कोठे सुरू होतो? गेल्या काही वर्षांतील तीन घटना पाहिल्या म्हणजे ती सीमारेषा ध्यानी येते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका फॅशन सप्ताहात लिसा ब्लू या पेढीने पोहण्याच्या वस्त्रावर लक्ष्मीचे चित्र छापले. हिंदूंनी निषेध केला, पेढीने क्षमा मागितली. २०१२ मध्ये व्हिक्टोरियाज सीक्रेट या अमेरिकन पेढीने अंतर्वस्त्रे घातलेल्या तरुणीच्या मस्तकी तेथील मूलनिवासींचा पिसांचा शिरोभूषण-मुकुट चढविला. त्या समाजांत अशा मुकुटातील पिसे पराक्रमाने वा सेवेने मिळवावी लागतात. ती बाजारात मिळत नसतात. त्या पेढीसही क्षमायाचना करावी लागली. २०१८ मध्ये गुची या इटालियन पेढीने शीख नसलेल्या तरुणांच्या डोक्यावर शिखांच्या पगडीसारखे शिरोवेष्टन चढवून त्यांना मिरविले, आणि पुढच्या वर्षी ते तयार टोपीसारखे शेकडो डॉलरांना विक्रीस ठेवण्यात आले. ज्या पगडीपायी शीख बांधवांना परदेशांत मारहाण, हेटाळणी, प्रसंगी प्राणसंकट सोसावे लागले, तीच पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर केवळ शोभेची वस्तू ठरली. पगडी बांधणाऱ्याला धोका आणि पगडी विकणाऱ्याला नफा, असा हा हिशेब होता.

या तिन्ही उदाहरणांत वस्त्र घेतले गेले आणि माणूस वगळला गेला. त्या वस्तूत काय पवित्र आहे, ती कोणी कशी मिळवायची असते, ती वापरल्याबद्दल कोणी काय भोगले आहे, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना कोणी विचारलेच नाही. आमच्या मते या साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. एखाद्या वस्त्राचा अर्थ काय, हे सांगण्याचा पहिला अधिकार ते वस्त्र ज्यांचे आहे त्या समाजाचा. ते नेसण्याचा अधिकार त्यांचा, ते टाकून देण्याचा अधिकारही त्यांचाच. इतरांनी ते खुशाल अंगावर घ्यावे. पण त्या अधिकाराची जाण ठेवून घ्यावे.

हा अधिकार हिरावला म्हणजे काय होते, हे गोमंतकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. रॉबर्ट दी नोबिली हा इटालियन जेझुइट पाद्री १६०५ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे मदुरेस जाऊन भगवी वस्त्रे धारण करून संन्याशाच्या वेषात धर्मप्रचार करू लागला. आपल्या शिष्यांनी शेंडी, जानवे, गंध ठेवावे, यासही त्याची संमती होती. हे आचार धर्माचे की केवळ समाजरीतीचे, यावर १६१९ मध्ये गोव्यात धर्माधिकाऱ्यांची परिषद भरली, कडाक्याचा वाद झाला, आणि अखेर १६२३ मध्ये पोपने ते आचार पाळण्यास मुभा दिली. दी नोबिलीच्या विद्वत्तेविषयी व तमिळ भाषेच्या त्याच्या सेवेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु जानव्याचा अर्थ काय, याचा अंतिम निवाडा जानवे घालणाऱ्यांनी केला नाही, तो रोमने केला, ही गोष्ट विसरता येत नाही.

पुढे शतकभराने याच भूमीत त्याच्या नेमका उलटा प्रकार घडला. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या स्थानिक पुरुषांना हिंदूंप्रमाणे पुडवे नेसण्यास आणि स्त्रियांना चोळी घालण्यास मनाई केली. त्याच फर्मानाने अंगणातील तुळशीवर, लग्नातील ओव्यांवर, इतकेच काय, हिंदूंसारखा मिठाविना भात शिजविण्यावरही बंदी घातली. या लोकांनी धर्म केव्हाच बदलला होता. तरीही त्यांच्या कमरेचे पुडवे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलत होते. कारण त्या पुडव्याच्या निऱ्यांत आजोबा होते, शेजारी होते, गाव होता. माणसाची नाळ तोडावयाची तर आधी त्याचे वस्त्र उतरवावे लागते, हे त्या सत्तेने ओळखले होते. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या पूर्वजांनी हे सोसले, आणि हिंदूंनी तर त्याहून निराळे, पण तितकेच कठोर अत्याचार सोसले. हा इतिहास आपण वारंवार सांगतो आणि तो सांगितला पाहिजेच.

तथापि इतिहासाचे एकच पान वाचून ग्रंथ मिटणे प्रामाणिकपणाचे नाही. परक्या सत्तेने वस्त्रावर घातलेली बंदी आपल्या स्मरणात पक्की आहे. आपल्याच समाजव्यवस्थेने घातलेल्या बंद्या मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी, त्रावणकोर या हिंदू संस्थानात, नाडार स्त्रियांना उरोभाग झाकण्याचाही अधिकार नव्हता. तो मिळविण्यासाठी त्या स्त्रियांना कित्येक दशके झगडावे लागले. भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली. अखेर १८५९ मध्ये महाराजांनी घोषणा काढून अंग झाकण्याची मुभा दिली. पण तेथेही एक अट होतीच. उच्च वर्णाच्या स्त्रिया ज्या रीतीने वस्त्र घेतात, त्या रीतीने मात्र ते घ्यावयाचे नाही! अंग झाकले तरी जात उघडी राहिली पाहिजे, असा त्या अटीचा अर्थ. चोळी काढावयास लावणारे गोव्याचे फर्मान आणि अंग झाकू न देणारी त्रावणकोरची रूढी यांत माणसाच्या अपमानाच्या दृष्टीने कोणता फरक होता, हे आमच्या वाचकांनीच सांगावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमके उमगले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी ढब सोडण्याचा, जातीची खूण पटविणारे जड दागिने टाकून देण्याचा आग्रहपूर्वक उपदेश केला. वेषावरून जात ओळखली जाते आणि ओळखली म्हणून हिणवली जाते, तेव्हा ती खूण पुसण्याचा तुम्हांस हक्क आहे, असा त्याचा आशय होता. पारंपरिक वेषाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. कोणा समाजाला त्याचे जुने वस्त्र नकोसे झाले, तर ‘आपली संस्कृती सोडू नका’ असा उपदेश करण्याचा अधिकार, स्वतः ते वस्त्र कधीच न नेसलेल्या आपणांस कसा पोचतो?

आता आपल्या दाराशी येऊ. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रीचे कापड आज सर्वांच्या तोंडी आहे. तांबड्या रंगाचे, चौकड्यांचे, जाड सुताचे ते आखूड वस्त्र. पदर घट्ट लपेटून खांद्यावर मारलेली गाठ, जिला देठली म्हणतात. या नेसण्यात शोभेपेक्षा कामाचा विचार अधिक होता. चिखलात उभे राहून लावणी करावयाची तर वस्त्र गुडघ्याखाली फार उतरता कामा नये, आणि दोन्ही हात मोकळे राहावयाचे तर पदर सैल सोडून चालत नाही. ज्या शेतांत ही स्त्री राबली, ते शेत बहुधा भाटकाराचे किंवा कोमुनिदादीचे असे, तिचे स्वतःचे क्वचितच. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावडा समाज हिंदूही आहे, ख्रिस्तीही आहे, आणि १९२८ मध्ये मसुरकर महाराजांच्या शुद्धिकार्यानंतर हिंदू धर्मात परतलेला नवहिंदूही आहे. धर्मांच्या या भिंती उभ्या राहिल्या तरी कापडाने त्या मानल्या नाहीत. जे फर्मानांना तोडता आले नाही, ते या गरीब स्त्रियांनी आपल्या खांद्यावरच्या गाठीत बांधून ठेवले.

हे कापड नामशेष होऊ लागले असता कै. वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्याचा शोध घेतला, हातमागावर ते नव्याने विणवून घेतले आणि २०१०-११ च्या सुमारास दिल्लीच्या फॅशन सप्ताहात ते देशापुढे मांडले. कोलवाळच्या या गोमंतकीय कलावंताने वस्त्राचे मूळ कधी लपविले नाही. कुणबी हे नाव त्यांनी अभिमानाने उच्चारले, गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास लिहिला, वस्तुसंग्रहालयाचा ध्यास घेतला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती यथार्थच होती. २०२० मध्ये ते गेले, तेव्हा गोमंतकाची मोठी हानी झाली. दुसऱ्याचे वस्त्र आदराने कसे हाताळावे, याचा एक धडाच त्यांनी घालून दिला.

परंतु त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर चार दशके उलटल्यावर. त्यानंतरही हक्क कागदावरच राहिले म्हणून २५ मे २०११ रोजी बाळ्ळी येथे या समाजाने आंदोलन छेडले, आणि त्या दिवशीच्या हिंसाचारात दोन तरुणांना प्राण गमवावे लागले. विधानसभेत या जमातींना राखीव जागा मिळाव्यात यासाठीचे विधेयक संसदेत मंजूर व्हावयास २०२५ साल उजाडले. एकाच काळात या समाजाचे कापड राजधानीच्या झगमगाटात कौतुक मिळवीत होते आणि कापड नेसणाऱ्यांची मुले रस्त्यावर आपला हक्क मागत होती. कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या दिवसांत बाळ्ळीकडे पाहिले? दोष त्या कलावंताचा नाही. ज्यांनी साडी पाहिली आणि माणूस पाहिला नाही, त्या आपणा सर्वांचा आहे.

आजही चित्र फारसे बदललेले नाही. पर्यटनाच्या जाहिराती कुणबी वेषावाचून पूर्ण होत नाहीत. कार्निव्हलच्या चित्ररथावर, हॉटेलांच्या स्वागतकक्षात, पाहुण्यांपुढे होणाऱ्या नृत्याच्या कार्यक्रमांत तांबडे चौकडीचे कापड हटकून दिसते. मात्र ते पुष्कळदा यंत्रमागावरचे स्वस्त अनुकरण असते आणि ते नेसणाऱ्या मुलीस देठली म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याहून आम्हांस खटकतात त्या शाळांतील वेषभूषा स्पर्धा. सुखवस्तू घरातील मुलास आदिवासी करावयाचे म्हणजे तोंडाला काजळ फासावयाचे, कमरेला पाने गुंडाळावयाची, हातात भाला द्यावयाचा आणि काहीतरी ओरडावयास लावावयाचे, ही रीत अद्याप गेलेली नाही. त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या वेळीप वा गावडा मुलाच्या मनात त्या क्षणी काय उमटत असेल? त्याची आजी काळे फासून हिंडत नाही. ती पहाटे उठून कुमेरीत, शेतात, बागायतीत राबते आणि धालोच्या मांडावर गाते. आपल्या आजीचे सोंग करून वर्ग हसतो आहे आणि शिक्षक बक्षीस देत आहेत, हे पाहणाऱ्या मुलास राज्यघटनेतील समतेचा धडा पुस्तकातून शिकवून काय उपयोग?

यावर काही आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहो. कोणी म्हणेल, स्नेहसंमेलनात मुले कोळीनृत्य करतात, कुणबी नृत्य करतात, यातून तरी त्या लोककला जिवंत राहतात. इतकी चिकित्सा केली तर सारेच बंद पडेल. आमचे म्हणणे असे की नृत्य अवश्य करावे; पण ते शिकविण्यास त्या समाजातील जाणत्या स्त्रीला शाळेत सन्मानाने पाचारण करावे, तिला मानधन द्यावे, वस्त्र कसे नेसावे व का तसे नेसावे हे तिच्याच तोंडून मुलांनी ऐकावे. मग ते सोंग राहणार नाही, शिक्षण होईल. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पर्यटनावर गोव्याचे पोट आहे, पाहुण्यांना रंग हवे असतात. खरे आहे. पण त्या रंगाचे दाम कोणाच्या पदरी पडतात? हॉटेलाने हातमागाचे अस्सल कापड विकत घेतले, कुणबी पथकालाच योग्य बिदागी देऊन बोलाविले, फलकावर त्या समाजाचे नाव लिहिले, तर पाहुण्याचे समाधान कमी होणार नाही आणि चार घरांत चूल पेटेल. कोल्हापूरच्या चर्मकारासाठी आपण हेच मागितले होते. सांगे, केपे, काणकोणच्या कुणब्यासाठी तेच मागताना आवाज का खाली यावा?

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे आणि ती दर हंगामात डोके वर काढते. समुद्रकिनाऱ्यावरच्या तोकड्या वस्त्रांत आलेले पाहुणे थेट फोंडा महालातील देवालयांत शिरू पाहतात, आणि मग देवस्थानांना वस्त्रांविषयीचे फलक लावावे लागतात. हे फलक लावण्याचा देवस्थानांना पूर्ण अधिकार आहे. ‘देश तसा वेश’ ही आपली जुनी शिकवण पाहुण्यासही लागू आहे, मग तो रशियाचा असो वा दिल्लीचा. मात्र आदर मागण्याची भाषाही आदराची हवी. पाहुण्याला दारात खडसावण्याऐवजी अंगावर घेण्यास उपरणे वा कमरेस गुंडाळण्यास वस्त्र देण्याची सोय असेल, तेथे वाद होत नाहीत. आणि पाहुणा एक नवी गोष्ट शिकून परततो.

पण हाच नियम आपण पाळतो काय? जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकाच्या दाराशीही शालीन वस्त्रांची सूचना आहे. सुटीच्या दिवशी तेथे अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचे बनियन घालून छायाचित्रे काढीत फिरणाऱ्यांत आपले देशबांधव थोडे नसतात. स्वतःच्या देवळात सोवळ्याची चौकशी करणारा गृहस्थ शेजाऱ्याच्या इगर्जीत डोक्यावरची टोपी काढावयाचे विसरतो. फोंड्याच्या साफा मशिदीच्या आवारात पाय ठेवताना, बेतीच्या गुरुद्वारात शिरताना मस्तक झाकावे, पादत्राणे काढावीत, हे कोणी सांगावे लागू नये. आपल्या श्रद्धेस मान हवा असेल, तर दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आपण तो आधी द्यावा लागतो. हा उपकार नव्हे. शेजारधर्म आहे, आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांवर तो शतकानुशतके पाळला गेला आहे.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वस्त्राच्या मानाची भाषा बोलता बोलता वस्त्राची सक्ती करावयास निघणारे लोक प्रत्येक समाजात असतात. देवळाच्या गाभाऱ्यापुरता असलेला नियम ते रस्त्यावर आणू पाहतात, आणि त्यांचा दंडुका बहुधा स्त्रियांवरच चालतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने काय घालावे, बाजारात आलेल्या गृहिणीने पदर कसा घ्यावा, हे ठरविण्याचा परवाना कोणाही स्वयंघोषित संस्कृतिरक्षकास कोणी दिलेला नाही. १७३६ च्या फर्मानाचा धिक्कार करणाऱ्या समाजात नवी फर्माने निघू लागली, तर आपण त्या इतिहासापासून काहीच शिकलो नाही असे म्हणावे लागेल. आम्ही ज्याचा पुरस्कार करीत आहो तो विवेक आहे. आणि विवेक माणसाने स्वतःच्या मनाशी करावयाचा असतो, दुसऱ्याच्या पाठीवर काठी घेऊन नव्हे.

हा विवेक आचरणात आणणे अवघड नाही. परक्या समाजाचे वस्त्र वा आभूषण हाती घेण्यापूर्वी आपण स्वतःस काही साधे प्रश्न विचारावेत. यात काही पवित्र आहे काय? हे विशिष्ट व्यक्तीनेच, विशिष्ट प्रसंगीच धारण करावयाचे असते काय? मी हे घातल्याने ते ज्यांचे आहे त्यांचा गौरव होईल की हसे होईल? याची किंमत त्यांच्या हाती पोहोचली काय? आणि उत्तर ठाऊक नसेल, तर त्या समाजातील कोणास तरी विचारण्याइतकी नम्रता माझ्यापाशी आहे काय? विचारले म्हणजे बहुतेक वेळा होकारच मिळतो, कधी कधी तर नेसवून देण्यास दोन हात पुढे येतात. जेथे नकार मिळेल, तेथे तो हसतमुखाने मानावा.

शासनाकडूनही काही अपेक्षा आहेत. कुणबी कापड हातमागावर विणणारे हात वाढावेत यासाठी केवळ समारंभ नकोत. सूत, माग, प्रशिक्षण आणि विक्रीची हमी हवी, आणि त्या कामात त्या समाजातील तरुण-तरुणींना अग्रक्रम हवा. सरकारी जाहिरातींत व चित्ररथांवर या वेषाचा उपयोग करताना त्या समाजाच्या संस्थांशी आधी विचारविनिमय व्हावा. शिक्षण खात्याने शाळांस एक साधे परिपत्रक पाठवून वेषभूषा स्पर्धांत कोणत्याही जाती-जमातीची टवाळी होणार नाही, काळे फासण्याचे प्रकार बंद होतील, एवढे पाहावे. यास तिजोरीतून फार मोठी रक्कम लागणार नाही.

मिलानच्या प्रदर्शनाने आपणांस एक गोष्ट शिकविली: नाव गाळले गेले की माणसाला लागते. ती वेदना आपल्या वाट्यास आली तेव्हा आपण साऱ्या जगास हाक घातली, आणि जगाने ती ऐकली. आता कुणबी माउलीच्या खांद्यावरच्या गाठीविषयी आपण कसे वागतो, हे पाहावयाचे आहे. ते कापड तिने नेसावे की नेसू नये, हे तीच ठरवील. आपल्या लेकीसुनांनी ते हौसेने नेसले, तर त्यात वावगे काही नाही. मात्र ते विकत घेताना विणणाऱ्यास पूर्ण दाम द्यावे, कोणी विचारले तर हे कोणाचे हे अभिमानाने सांगावे, आणि ते नेसणाऱ्या समाजाचा हक्काचा प्रश्न उभा राहील त्या दिवशी त्याच्या बाजूने उभे राहावे. एवढे केले, तर दुसऱ्याच्या संस्कृतीचा आदर हे शब्द आपल्या तोंडी शोभून दिसतील.